सुहासच्या कॉम्प्युटरला प्रोसेसर नव्हता

सुहास, तू गेलास यावर माझा विश्वास बसला आहे. अशा लेखात 'विश्वास बसत नाही' असं लिहायची पद्धत आहे, ती मी पाळणार नाही. न बसायला काय झालं? एप्रिलची दुपार, डोक्यावर पत्रा, समोर वितळलेलं लोखंड, भिंतीतला मोठा पंखा बंद आणि तू सकाळपासून उभा. यात माणूस मरतो. हे कळायला शाळेतलं विज्ञान पुरतं.

विश्वास बसत नाही तो तुझ्या मागे जे बोललं गेलं त्यावर. तू म्हणे गेम खेळून मेलास. रात्ररात्र जागायचास, झोप नव्हती, अंगात ताकद उरली नव्हती, म्हणून भट्टीपुढे चक्कर आली. आधी मुकादम बोलला, मग मालक बोलला, आणि मग माधवनगरातली आपली अख्खी गल्ली तेच बोलायला लागली. ज्या गल्लीत तू लहानाचा मोठा झालास, ज्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे मिक्सर तू फुकट दुरुस्त करून दिलेस, ती गल्ली.

गेम कशावर खेळलास रे तू? मोबाईलवर? तुझा मोबाईल साधा फोटो उघडायचा तर धाप लागल्यासारखा थांबायचा. आणि कॉम्प्युटरवर म्हणावं तर तुझ्या कॉम्प्युटरला प्रोसेसरच नव्हता. कोणता घ्यायचा यावरून आपलं दिवाळीपासून भांडण चाललं होतं आणि ते मिटलेलं नव्हतं. हे तुला माहीत, मला माहीत, दस्तगीरला माहीत. बाकी कुणाला माहीत करून घ्यायची गरजच वाटली नाही.

तू तो डबा आणलास तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. गाडी दस्तगीर चालवत होता, तुझ्याच ओतकामाच्या शेडमध्ये साचे भरणारा तुझा दोस्त. मागे तू, मांडीवर काळं कॅबिनेट, एका बाजूला काच, आणि कॅबिनेटमागे तुझं तोंड दिसत नव्हतं. मंगलकाकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"फ्रिज आणला व्हय रं?"

"बारका हाय काकू. फकस्त दही बसतंय."

काकू दोन दिवस दह्याची वाट बघत होत्या.

त्यानंतर एकेक भाग येत गेला. पॉवर सप्लाय आला, रंगीत दिव्यांचे पंखे आले, मग मदरबोर्ड, मग रॅम. तू प्रत्येक भाग आधी आमच्या कामगार संघटनेच्या खोलीत आणून मला दाखवायचास, कारण त्या खोलीतला पत्रकं छपाईसाठी लावायचा म्हातारा कॉम्प्युटर तूच जिवंत ठेवला होतास आणि त्यामुळे तिथे तुझा हक्क होता. माझ्या टेबलावरची पत्रकं बाजूला सारून तू मदरबोर्ड मांडायचास, जसा एखादा नवा शर्ट दाखवतो तसा. मध्ये एक चौकोन होता, काळ्या प्लास्टिकच्या झाकणाने झाकलेला.

"हितं बसतो राजा," तू म्हणालास. "बाकी समदी प्रजा."

राजा कोण यावर आपण पुढचे महिने घालवले. तुला सहा कोरचा हवा होता. कमी तापणारा, गेमला चपळ, पण स्वतः पडद्यावर चित्र न काढणारा. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार. माझं म्हणणं, आठ कोरचा घे. तो चित्र स्वतः काढतो, कार्डाची वाट बघायला नको, आज आणला तर आज चालू होईल.

कुपवाडच्या नाक्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी उभं राहून तू मला शिकवायचास.

"कोर म्हंजे माणसं समज. सहा माणसं तयारीची असली तर आठ आळश्यांना भारी पडत्यात."

"आणि ते कॅश कॅश म्हणतोस ते?"

"साचा भरताना वाळू हाताशी लागती का न्हाई? दर घमेल्याला गोडाऊनला पळालं तर साचा कवा भरायचा? कॅश म्हंजे हाताशी ठिवलेली वाळू."

"मग माणसंही आठ आणि वाळूही हाताशी, असा घे की. आहे ना तसा?"

"हाय. पण तापतो त्यो."

इथे तुझं घोडं अडायचं. तापतो. सगळी दुनिया वेग बघते, तू तापमान बघायचास. "सांगलीचा उन्हाळा हाय आणि माझ्या डोक्यावर पत्रा हाय. दुपारचं खोलीत उभं ऱ्हावत न्हाई. त्यात आणि ही शेगडी कशाला पेटवू?"

"तुझ्या सहावाल्याला कार्ड लागणार. कार्ड घ्यायला तुला वर्ष जाईल. तोवर काय काळ्या पडद्यापुढे बसून गेम खेळणार?"

"बसीन. तुला काय?"

"माझा घेतलास तर पत्रकं तरी लावता येतील."

"आली! आली पत्रकावर!" तू गाडेवाल्याकडे वळून म्हणालास, "बघा ओ मामा, गेमचा पीसी हाय माझा आणि हिला त्यावर 'कामगारांनो एक व्हा' छापायचंय. आगं पुढारी, पंख्याला लाल लाइट बसवलाय की तुझ्यासाठी. तेवढ्यावर भागीव."

पुढारी म्हणायचास मला. माझं नाव अश्विनी आहे हे तू विसरला असशील असं मला कधीकधी वाटायचं.

त्याच गाड्यावर तू सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात रुतून बसली आहे. मी विचारलं होतं की तापला तर काय एवढं, जळतो का. तू म्हणालास, "जळत न्हाई. लय शाना असतो. तापला की आपोआप सावकाश काम करतो. तरी बी तापला तर थेट बंद. समदी मशीन बंद. मग तू बटनं दाब, हात जोड, गार झाल्याबिगर उठत न्हाई."

"आणि मालक ओरडला तर?"

"त्येला कान कुठं हायत ऐकाय?"

आपण दोघं हसलो होतो. गाडेवाले मामाही हसले होते. दोन रुपयांच्या नाण्याएवढं सिलिकॉन, सुहास. त्याला तापल्यावर थांबायचा हक्क आहे आणि तो त्याच्यात जन्मतःच घातलेला आहे. तुझ्या हक्काचं कलम आमच्या पत्रकात असतं आणि पत्रक भज्यांखाली.

मला तुझा राग आहे. लोक म्हणतील, मेलेल्या माणसावर कसला राग. मला कळत नाही मेल्याने राग का संपावा. चार-पाच वॉट जास्तीचे, यावरून तू माझ्याशी महिनोन्महिने भांडलास. शेडमधल्या पंख्याची मोटर जळली, तो मोठा पंखा जो सगळा गरम वारा बाहेर ओढून टाकायचा, तो जळला, आणि त्यावर तू मला म्हणालास, "भरून आणतील की मोटर. ऑर्डरची घाई हाय सध्या." फेब्रुवारीत जळला. मार्चमध्ये घाई. एप्रिलमध्ये घाई.

मी पत्रक लिहिलं. कुपवाडच्या शेडमधल्या उष्णतेवर. कच्चं तुलाच दाखवलं, कारण माझ्या लिखाणाचं पहिलं वाचन नेहमी तुझंच असायचं. पहिली ओळ मी लिहिली होती, 'नफेखोर व्यवस्थेच्या अमानुष उदासीनतेमुळे'. तू पेन घेऊन ती सगळी खोडलीस.

"एवढं लांब कोण वाचतंय? पैल्या वळीत लिही, पंखा बंद हाय. मग लोक वर बघत्यात."

संघटनेत मला तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही ते तू उभ्या उभ्या शिकवलंस. आज मी ज्या तऱ्हेने लिहिते ती तुझी आहे. हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर चढून बसला असतास, म्हणून सांगितलं नाही.

आणि मग पेन ठेवून तू म्हणालास, "आमच्या शेडचं नाव मात्र घालू नको." मी तुला घाबरट म्हणाले. तू म्हणालास, "म्हण."

तू गप्प बसलास असंच मी धरून चालले होते. दस्तगीरने तुझ्यानंतर खरं सांगितलं. तू मुकादमाकडे गेला होतास. एकदा नाही, दोनदा. पंख्याचं बोललास. पहिल्यांदा त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला एसी बसवू का? घरी रात्रभर गेम खेळून येतोस आणि हितं गरम होतंय सांगतोस." सगळे हसले. त्यात दस्तगीरही हसला, हे तो स्वतः सांगून रडला.

म्हणजे बघ. तुझ्या मरणाचं कारण तू जिवंत असतानाच तयार होतं. मालकाने ते घरी येऊन फक्त वाचून दाखवलं.

तू मला सांगितलं नाहीस, कारण मी दुसऱ्या दिवशी शेडच्या फाटकावर नावानिशी पत्रक लावलं असतं. लावलंच असतं. चांगलं झालं असतं.

त्या दिवसाचं दस्तगीरने सांगितलेलं तसंच लिहिते. माझे शब्द घालत नाही, कारण माझे शब्द मोठे होतात.

तुझ्या पाळीनंतर येणारा माणूस साताऱ्याकडच्या आपल्या गावी जत्रेला गेला होता. जत्रा काही अचानक उगवत नाही. रजा आधी सांगितलेली होती. त्याच्या जागी कुणी ठेवलं नाही. तुमच्या शेडचा कायदा एकच, लोखंड पातळ झालं की ओतणाऱ्याने जागा सोडायची नाही, कारण ते भट्टीत गोठलं तर भट्टी वाया. मुकादम म्हणाला, "सुहास, थांब तू. माल वितळत आलाय." तू थांबलास.

आणि मग भट्टी ट्रिप झाली.

हे मी दस्तगीरकडून पुन्हा पुन्हा समजून घेतलं. तुमची भट्टी विजेची. तिच्याभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं असतं आणि त्या नळीतून सतत पाणी फिरतं, वेटोळं गार ठेवायला. ते पाणी ठरलेल्या हद्दीपलीकडे तापलं की पॅनल भट्टी बंद करतो. कुणाला विचारत नाही. त्या दुपारी इतकं गरम होतं की पाणी तापलं आणि भट्टी बंद पडली. सगळे थांबले. पाणी गार व्हायची वाट बघत मुकादमसुद्धा सावलीत जाऊन बसला.

तुला म्हणाला, "तोवर कालचे साचे फोडून घे."

सुहास, भट्टी गार व्हायला बसली होती आणि तू घण मारत होतास.

दस्तगीर म्हणाला, तुझा घाम थांबला होता. कातडी कोरडी आणि लाल. तू म्हणालास, "डोकं जड झालंय रं." दस्तगीर मुकादमाकडे गेला, ह्येला घरी पाठवू का म्हणून. उत्तर आलं, ओतणं होऊ दे. तेवढ्यात पाणी गार झालं, भट्टी उठली, आणि तू पडलास तो उठला नाहीस.

त्या शेडमध्ये तापल्यावर आपोआप थांबायची सोय यंत्राला होती. तुझ्या स्वप्नातल्या प्रोसेसरला होती. मला आणखी काही म्हणायचं नाही. म्हणजे पुष्कळ म्हणायचं आहे, पण तू पेन घेऊन खोडशील.

रक्षाविसर्जन करून आम्ही कृष्णेच्या घाटावरून घरी आलो, त्याच सकाळी मालक आला. पांढरे कपडे, चपला दाराबाहेर, सगळं रीतसर. तुझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरगं लय गुणी होतं हो आण्णा. पण काय करायचं, ही आजकालची पोरं. रात्ररात्र गेम. मुकादमाने दोनदा टोकलं होतं त्याला. शरीर तरी किती साथ देणार?"

आण्णांनी हात जोडले. "व्हय मालक."

गिरणी बंद पडली तेव्हा आण्णा असेच हात जोडून फाटकातून बाहेर आले होते, असं तूच सांगायचास. त्यानंतर त्यांनी कुणापुढे आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

मंगलकाकू दारातून म्हणाल्या, "खरं हाय. म्या सोता बघितलंय. खिडकीत रातभर लाल-निळे दिवे. फुकट कोण लावतंय दिवे?"

मी उठायला लागले तर माईने, तुझ्या आईने, माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की वळ उठला. त्या घरात तिला त्या दिवशी भांडण नको होतं. मालक गेल्यावर तिने जुनी चादर आणली आणि तुझ्या कॅबिनेटवर टाकली, जणू तेही मेलं. "ह्यानं खाल्लं माझं पोर," म्हणाली. "भंगारवाल्याला देऊन टाका."

मी आण्णांना सांगितलं की कारखाने निरीक्षकाकडे चौकशी आहे, तुम्हाला जबाब द्यायला बोलावतील. तुम्ही जर सांगितलंत की पोरगा रात्री जागायचा, तर विषय मिटला. पंखा बंदच राहील, मुकादम तिथेच राहील आणि सुहासच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाईल की गेम खेळून मेला.

आण्णांनी मला खाली बसवलं. मग म्हणाले, "आश्वे, दिवे लागायचे ह्ये खरं हाय. मी बी बघितल्यात. मेलेल्या पोरासाठी का असंना, सायबापुढं खोटं कसं बोलू?"

मी त्यांना काय सांगणार होते? प्रोसेसर नव्हता म्हणून? आण्णांना प्रोसेसर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या भाषणबाजीचा त्या एका वाक्यापुढे काही उपयोग झाला नाही. ते खरं बोलणारे आहेत आणि त्यांच्या खरेपणावरच मालकाचा खोटेपणा उभा राहणार होता.

उत्तरकार्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर माईने दस्तगीरला सांगितलं, आता तरी तो डबा ने. त्याने उचलला. तो दारापर्यंत गेला आणि मी म्हणाले, "ठेव खाली."

"आगं, माई सांगत्यात."

"ठेव म्हणते ना."

सगळी गल्ली अंगणात होती. मी चादर काढली, मागचे स्क्रू हातानेच फिरवले आणि काच बाजूला केली. आण्णांना बोलावलं. ते चष्मा लावून उकिडवे बसले.

"आण्णा, ह्या मधल्या चौकोनावर काय आहे?"

"काळं झाकण हाय."

"त्याच्यावर?"

"धूळ."

"ह्या झाकणाखाली प्रोसेसर बसतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. तो बसवला की हे झाकण निघतं, राहूच शकत नाही. हे कंपनीने घातलेलं झाकण आहे आणि ते अजून निघालेलं नाही. डोकं बसलंच नाही ह्यात कधी."

आण्णांनी बोटाने धूळ पुसली. "म्हंजे इंजिन नसल्याली गाडी."

"तीच."

"मग दिवे कसे लागायचे?" मंगलकाकू पुढे आल्या. "मी काय आंधळी हाय व्हय?"

दस्तगीर म्हणाला, "काकू, दिवे पंख्याचे हायत. पंख्याला डोकं लागत न्हाई. पॉवर सप्लायच्या दोन पिनात तार घालायचा आणि नुसते पंखे फिरवायचा त्यो."

"नुसते पंखे? कशाला?"

दस्तगीरने खांदे उडवले. त्यालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्याने प्लग लावला, तार घातली आणि तुझा डबा उजळला, लाल, निळा, आणि तुझे तिन्ही पंखे गरगरायला लागले.

आण्णांचे केस उडाले.

पुढचे पंखे वारा आत ओढतात, सुहास. तूच शिकवलंस मला, आतलं सामान गार राहावं म्हणून पुढून आत आणि मागून बाहेर. इथे पुढून वारा बाहेर येत होता. चांगला जोराचा. मी वाकून बघितलं. तू तिन्ही पंखे काढून उलटे बसवले होतेस. वारा आण्णांच्या तोंडावर येत होता, कारण दस्तगीरने डबा ठेवताना पुढची बाजू त्यांच्याकडे केली होती. खोलीत त्या बाजूला काय असायचं?

माई बोलली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने बोलली. "खाट. त्येची खाट असायची तितं. छताचा पंखा गरम वारा फेकतो म्हणायचा. सकाळी उठवाय गेलं की ह्ये दिवे चालू आणि ह्यो घोरतोय. मला वाटायचं खेळता खेळता झोपला. खेळता खेळता झोपला म्हणून मी त्येला... मी त्येला बोलायची गं."

 नुसते पंखे चालू होते.

तू झोपायचास. पत्र्याखाली, उन्हाळ्यात, बिनडोक्याच्या डब्यातून येणाऱ्या वाऱ्यावर, दुसऱ्या दिवशी भट्टीपुढे उभं राहता यावं म्हणून झोपायचास. गल्लीने रात्रभर तुझी झोप बघितली आणि तिला जागरण म्हणाली.

मंगलकाकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मग ह्ये आधी सांगाय नको का कुणी?" मला त्यांचाही राग आला आणि हसूही आलं. दह्याची आठवण झाली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आपल्या लोकांचं प्रेमही कसं असतं बघ. दोन दिवसांनी दस्तगीर शेडमधल्या पोरांना घेऊन माझ्याकडे आला. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, प्रोसेसर घ्यायचा आणि तुझ्या मशीनमध्ये बसवायचा. सुहासचं राहिलेलं पुरं करायचं. कार्डसुद्धा घ्यायचं. तुझा फोटो पडद्यावर लावायचा. ऐकताना मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"फकस्त कंचा बसवायचा त्ये सांग," दस्तगीर म्हणाला. "तुमच्या भांडणात आमी न्हाई पडत. सहाचा का आठचा?"

तेव्हा मला कळलं काय होणार आहे. मी ओरडले. "हात लावायचा नाही त्याला! झाकण निघालं की संपलं सगळं. मग मालक म्हणेल, बघा, प्रोसेसर आहे की आत. तेव्हाच होता. कोण सिद्ध करणार मग?"

 पोरांतला एक जण म्हणाला, "आमी तर चांगलंच करत हुतो."

"माहीत आहे रे. म्हणूनच ओरडले."

त्यांनी मग दुसरं केलं. चौघं जण जबाब द्यायला तयार झाले, पंख्याचा आणि त्या दुपारचा. दस्तगीरने सगळ्यात आधी हो म्हटलं, तो हसला होता तेही सांगणार आहे. तुझ्या त्या राहिलेल्या मशीनपेक्षा हे मोठं आहे असं मी त्यांना म्हणाले. तू असतास तर म्हणाला असतास, दोन्ही का न्हाई.

उद्या आम्ही जातोय. आण्णा आज संध्याकाळी स्वतः माझ्या दारात आले. म्हणाले, "डबा घिऊन जायचा. तोंडानं सांगितलं तर सायेब म्हणंल बाप हाय, बापासारखं बोलतोय. उघडून बघू दे त्येला." मी म्हणाले, रिक्षा करू. "कशाला? दस्तगीर गाडी चालवंल. मी मागं बसतो, मांडीवर घेतो." मग जाता जाता, "त्यानं आणला हुता तसा."

मालक हसतमुख येईल, पांढऱ्या कपड्यात येईल. काय होईल ते मला माहीत नाही आणि मी गोड शेवट लिहिणार नाही. पण आण्णा तिथे 'व्हय मालक' म्हणणार नाहीत. एवढं मी त्यांच्या आजच्या आवाजावरून सांगते.

राहिलं आपलं भांडण. ते तू अर्धवट टाकून गेलास, त्याचाही मला राग आहे. मला जिंकायचं होतं आणि मी जिंकले असते. माझं मत तसूभर बदललेलं नाही. आठचाच बरा होता. चित्र स्वतः काढतो, कुणाची वाट बघायला लावत नाही.

तरी चौकशी संपली की ते झाकण मी माझ्या हाताने काढणार आहे आणि तिथे तुझा सहावाला बसवणार आहे. कार्डाचं पोरं बघतील, नाहीतर पडदा काळा राहू दे. उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी तुझ्या पत्र्याखाली मी तो चालू करून बसणार आहे, तापेपर्यंत. मला बघायचंय, तुमच्या घरातलं कुणीतरी तापल्यावर थांबतं, कुणाची परवानगी न घेता.